दिनेशचा हात

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. दारू पिऊन बरळायची सवय असती तर एखाद्या वेळी बाहेर पडलं असतं, पण तीही सवय नाही. आणि ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मध्येच मी दुसरंच काहीतरी सांगत बसलो तर ते विसरून नव्हे, मुद्दाम करतोय असं खुशाल समजा.

आधी गावातली माझी पत सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. पवनेच्या काठाला आमचं गाव. कुणाच्या बांधाचं भांडण निघालं की मोजायच्या टेपचं एक टोक माझ्या हातात देतात — सरकारी माणूस समोर उभा असला तरी. लग्नात पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणतात, हा आमचा हणमंत, ह्याला खोटं बोलायला लावा, जीभ वळायची नाही. मावळात टेनिस बॉलच्या स्पर्धा लागल्या की अंपायर म्हणून पहिला फोन मला येतो. आणि सामना सुरू व्हायच्या आधी माईकवरचा माणूस न चुकता तीच गोष्ट सांगतो — ह्यांनी स्वतःच्या जिवलग दोस्तालासुद्धा सोडलं नव्हतं, मंडळी. लोक टाळ्या वाजवतात. मी टोपी सारखी करतो आणि यष्ट्या नीट रोवल्यात का ते बघायला चालू लागतो.

वीस वर्षं होऊन गेली त्या गोष्टीला. मी स्वतः ती एकदाही सांगितलेली नाही, कुणी सांगताना मानही डोलवलेली नाही. गप्प बसलं की खोटं बोलल्याचा डाग लागत नाही, असा माझा हिशोब. कुणाला फसवत होतो? लागतो हो. चांगला लागतो.

दिनेश बेडशाचा. लेण्यांच्या डोंगराखाली त्यांची वस्ती, थोडी भातशेती, वडील रेल्वेत गँगमन. आम्ही आठवीपासून एका वर्गात, एका बाकावर. दोघंही बॉलर. मी बरा होतो. बरा म्हणजे लाइन धरून टाकायचो, मार कमी खायचो, बस. दिनेशचं वेगळं होतं. टेनिसचा बॉल हलका, तो कुणाच्याही हातून नुसता जातो, पण ह्याच्या हातून सुटलेला टप्पा पडल्यावर उठून अंगावर यायचा. बॅट खाली यायच्या आत दांडी गेलेली असायची. बावीस-तेवीसच्या वयात त्याला न्यायला तळेगावहून, देहूरोडहून, एकदा तर पार अलिबागकडनं गाड्या यायच्या. त्या संघाकडून खेळायचं, त्यांचं जेवायचं, मानधन आणि नवे बूट घेऊन सोमवारी घरी. मावळात क्रिकेटवर जगता येतं असं वाटायला लावणारा आमच्या काळातला तो एकच माणूस. आणि गाडी दारात उभी असली की तो म्हणायचा, हणमंताला घ्या, न्हाईतर मी बी येत न्हाई. मग मला घ्यायचे. मागच्या सीटवर, किटच्या पिशव्यांबरोबर.

मला ह्याचा राग यायचा का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. यायचा. त्याच्या उष्ट्यावर जगतोय असं वाटायचं. आणि ह्याचा जास्त राग की त्याला तसं कधीच वाटलं नाही.

आता त्याच्या हाताचं सांगतो. हे समजलं नाही तर पुढचं समजणार नाही. दिनेशचं कोपर जन्मानंच बाहेरच्या अंगाला वळलेलं. तळवा पुढं करून हात लोंबता सोडला की कोपरापासून खालचा हात अंगापासून लांब जायचा. त्याच्या आईचा हातही तसाच. हंडा डोक्यावर धरलेला असला की तिचा तो हात लगेच डोळ्यांत भरायचा. त्यामुळं दिनेश बॉल टाकताना बाजूनं बघणाऱ्याला वाटायचं, हा हात वाकवून फेकतोय. थ्रो मारतोय. बॉलरला ह्याच्यासारखी दुसरी शिवी नाही.

पण नियम काय सांगतो? वाकडा हात हा गुन्हा नाही. वाकलेला हात बॉल सोडताना उघडला, सरळ झाला, तर तो थ्रो. दहावीत असताना आमच्या पी.टी.च्या सरांना शंका आली. त्यांनी दिनेशला शर्ट काढायला लावला, स्वतः त्याच्या बाजूला उभे राहिले आणि त्याचं कोपर मुठीत धरून वीसेक वेळा हात फिरवून बघितला. हळू, मग जोरात. मग दिनेश शर्ट घालायला बाजूला गेला तेव्हा मला म्हणाले, हाडच असं आहे, ना उघडतंय ना मिटतंय, एकदम स्वच्छ हात आहे; त्याला नुसतं म्हणाले, टाक बिनधास्त. ग्राउंडवर तेव्हा आम्ही तिघंच होतो. सर पुढं बदलून गेले, मग वारले. राहिलो आम्ही दोघं. त्यात दिनेशला स्वतःचा हात टाकताना दिसत नाही — कुणालाच दिसत नाही. म्हणजे त्या हाताविषयी खरं काय ते डोळ्यांनी बघितलेला जगात एकच माणूस उरला होता.

आमच्याकडं गाववाईज स्पर्धा असतात. ज्या गावचं रेशनकार्ड त्या गावाकडूनच खेळायचं — आता आधार दाखवतात, तेव्हा रेशनकार्ड. बाहेरून गाड्या पाठवून खेळाडू आणायचे नाहीत. त्यामुळं एरवी एका संघात असणारे आम्ही दोघं तिथं समोरासमोर. आणि दुसरी रीत अशी की मेन अंपायर आयोजकांचा, पण लेगला उभा राहणारा अंपायर बॅटिंग करणाऱ्या संघानं द्यायचा. मग कोण जाणार? ज्याची बॅटिंग सगळ्यांत शेवटी तो. म्हणजे बॉलर. मावळातल्या प्रत्येक बॉलरनं अर्धं आयुष्य लेगला उन्हात उभं राहून काढलंय.

त्या वर्षी फायनल बेडसे आणि आमच्या गावाची. मंडपात आंबीकडच्या एका कंपनीचे साहेब येऊन बसले होते. कंपन्यांच्या आपसात स्पर्धा असायच्या आणि त्यांना संघासाठी माणसं हवी होती. लोकांना वाटत होतं, चार-पाच पोरं घेतील. माझा मेहुणा त्या कंपनीत होता. त्यानं मला दोन दिवस आधी सांगितलं होतं की बॉलर एकच घेणार, आणि घेणार तो कायम नोकरीवर. मी तेव्हा पोल्ट्रीत अंड्यांचे ट्रे भरत होतो. दिनेशला मी हे सांगितलं नाही. सांगतो, सांगतो म्हणत राहिलो आणि नाही सांगितलं. इथंच खरं तर माझं ठरलं होतं, नाही का?

फायनल आम्ही हरल्यात जमा होतो. माझ्या दोन विकेट निघाल्या होत्या, दिनेशनं त्याच्या पहिल्याच ओव्हरमध्ये तीन काढल्या होत्या आणि साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले होते. आता शेवटची ओव्हर. आमच्या आठ विकेट गेलेल्या, सहा बॉलमध्ये सव्वीस पाहिजेत. मी अकरावा, म्हणून लेगला. दिनेश धावत आला, बॉल टाकला, दांडी उडाली. बेडशाची पोरं नाचत धावली.

मी हात आडवा केला. नो-बॉल.

सगळे थांबले. मेन अंपायर जवळ आला, काय झालं म्हणाला. मी म्हणालो, हात वाकतोय, थ्रो आहे. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला होता, एवढं आठवतं. पुढचा बॉल. परत हात आडवा केला. मग दिनेश माझ्याकडं चालत आला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर किती बरं झालं असतं. त्यानं हळूच विचारलं, "खरंच वाकतोय व्हय रं?" मी म्हणालो, "लय दिवस बघतोय. आज बोललो." तो परत गेला आणि उरलेले बॉल त्यानं जेमतेम दोन पावलं घेऊन, हात काठीगत ताठ धरून टाकले. आम्ही तरीही हरलो. ढाल बेडशालाच गेली.

आता बघा, ह्यातली मेख. आम्ही जिंकलो असतो तर लोकांनी तिथंच माझ्या तोंडात शेण घातलं असतं — मॅच फिरवायला नो-बॉल दिला म्हणून. पण मॅच तर गेलेलीच होती. मग हणमंताला काय मिळालं? काहीच नाही. स्वतःच्या दोस्ताविरुद्ध, स्वतःचा फायदा नसताना खरं बोलला. सुंठेवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं. मला काही सिद्ध करावंच लागलं नाही.

बक्षिसं वाटून झाल्यावर साहेबांनी मला मंडपामागं बोलावलं. त्यांना दिनेश आवडला होता. त्यांनी विचारलं, नक्की का? अंपायर म्हणून नको, मित्र म्हणून सांगा. नो-बॉल रागाच्या भरात गेला, उन्हानं चुकलो, असं म्हणायला मला ती एक संधी होती. मी म्हणालो, साहेब, शाळेपासून बघतोय, त्याचा हात वाकतोच. साहेबांनी मान हलवली. पुढच्या महिन्यात मी कंपनीत लागलो. अजून तिथंच आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. हे मी टाळणार होतो. दिनेशचं घर बौद्ध, आमचं मराठा. त्या दिवशी मंडपाच्या कडेला आमच्याच भावकीतलं कुणीतरी म्हणालं, ह्यांचं सगळं असलंच आडवाटेचं. ह्यांचं म्हणजे कुणाचं, हे मला कळलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मी मूग गिळून बसलो. आणि आज प्रामाणिकपणे — हा शब्द मी वापरावा का? — सांगायचं तर, हात आडवा करताना माझ्या मनाच्या तळाशी हे होतंच, की माझ्या तोंडून एकदा शब्द गेला की त्याच्या शब्दाला कुणी विचारणार नाही. ती सोय मला आयती मिळाली होती. मी ती वापरली.

कुणाला शंका आली नाही का? येणार होती. बेडशाची पोरं मला गाठायला निघाली होती. त्यांना अडवलं कुणी? दिनेशनं. म्हणाला, हणमा खोटं बोलायचा न्हाई, माझाच हात तसला असंल. झालं. त्याच्या ह्या एका वाक्यानं माझा हात कायमचा दगडाखाली सापडला. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, दोन वाजवल्या असत्या तर मी कदाचित तोंड उघडलं असतं. पण विश्वास ठेवणाऱ्या माणसासमोर कबूल कसं व्हायचं? तुम्हाला जमलं असतं?

बातमी पसरायला आठवडा लागला नाही. दिनेश थ्रो मारतो. गाड्या यायच्या बंद झाल्या. त्यानं हार मानली नाही, आणि तेच बघवत नव्हतं. कोपराला बांबूची कामटी बांधून तो डोंगराखालच्या माळावर एकटा बॉल टाकायचा, पाच-सहा महिने. नसलेलं दुखणं काढायला. त्यात खांदा गेला, वेगही गेला. मी एकदा कंपनीच्या टी-शर्टमध्ये तिथनं मोटारसायकलवर जात होतो, तर त्यानं हात केला. मी थांबलो. त्यानं विचारलं, आता बघ बरं, सुधारलाय का? मी म्हणालो, थोडा सुधारलाय. थोडा.

पुढं तो लोणावळ्याच्या अल्याड एका बंगल्यावर देखभालीला लागला. झाडांना पाणी, पंप, पाहुण्यांची व्यवस्था. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, लॉनवर बॅट-बॉल काढतात आणि ह्याला म्हणतात, काका, जरा बॉल टाका. तो खालून टाकतो. हात न फिरवता, लहान पोरांना टाकतात तसा. मी स्वतः बघितलंय, कंपनीच्या पिकनिकला त्याच बंगल्यावर गेलो होतो तेव्हा. आमच्यातल्या एकानं त्याला विचारलं, काका, कधी खेळलात का? तो माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, थोडंफार. मी भजी घ्यायला आत गेलो.

आणि मी? कंपनीकडून आठ वर्षं खेळलो. ठीकठाक. मग अंपायर झालो. नको म्हणून बघितलं, पण खऱ्या माणसानं नको म्हणायचं कारण काय, ह्याला उत्तर नव्हतं. प्रत्येक मोसमात मला बोलावतात, प्रत्येक मोसमात ती गोष्ट माईकवर वाजते, आणि प्रत्येक वेळी ती थोडी मोठी झालेली असते. हल्ली तर त्यात मी रडलोही आहे. सोडून कुठं जाणार? नोकरी त्यातली, इज्जत त्यातली, पोरीची सोयरीक जमली तीही घरच्या नावावर. एक वीट काढली तर काय काय खाली येईल ते मला पाठ आहे. कुणी मला कोंडलेलं नाही. दाराला आतनं मीच कडी लावलीये, आणि ती काढायला हात उचलत नाही.

इथंच संपलं असतं तर मी हे बोललोही नसतो. जुनं पाप माणूस अंगवळणी पाडून घेतो. पण गेल्या दिवाळीनंतर दिनेशचा फोन आला. त्याची मुलगी प्रणाली तळेगावला कॉलेजात आहे, सतरा वर्षांची. ती बॉलिंग करते, सीझन म्हणजे लेदरच्या बॉलनं, आणि जिल्ह्याच्या मुलींच्या निवडीला जाणार होती. दिनेश म्हणाला, तू एकदा येऊन तिचा हात बघ. माझं तिच्यात उतरलं असंल तर आत्ताच सांग. माझ्यासारखं भर मैदानात कळायला नको पोरीला.

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? सकाळची वेळ होती, डोंगराखालचा तोच माळ. ती धावत आली आणि मी पहिल्या बॉललाच खाली बघितलं. तीच धाव, तीच उडी, तेच बाहेर वळलेलं कोपर. दहा बॉल टाकले तिनं. शेवटचे सहा मी बघितलेच नाहीत, नुसता टप्प्याचा आवाज ऐकला.

पोरगी हुशार. तिनं फोनवर स्वतःचे स्लो व्हिडिओ काढलेले होते. मला दाखवत म्हणाली, "काका, हे बघा, कोपर जागचं हलत नाही. वाकडं दिसतं, पण उघडत नाही. नियमात बसतं ना?" मी म्हणालो, बसतं. एकदम स्वच्छ हात आहे, कुणी काही बोललं तर हे व्हिडिओ दाखव. एवढं मी खरं बोललो. वीस वर्षांत त्या हाताविषयी बोललेलं पहिलं खरं.

दिनेश फोनमध्ये डोकं घालून ते परत परत बघत होता. थांबवत होता, मागं नेत होता. मग मान वर न करता म्हणाला, "म्हंजी वाकडा दिसला तरी चालतंय. उघडला न्हाई पायजे." मी हो म्हणालो. आणि मग विचारलं त्यानं.

"मग माझा बी असाच व्हता का रं?"

तिथं माईक नव्हता. साहेब नव्हते. मेहुणा नव्हता, भावकी नव्हती. माझी नोकरी कायम आहे, ती आता कुणी काढून घेणार नव्हतं. मी तेवीस वर्षांचा नव्हतो. अंड्यांचे ट्रे भरत नव्हतो. आम्ही तिघंच होतो आणि त्याला फक्त हो किंवा नाही पाहिजे होतं. हो म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "न्हाई. तुझा उघडायचा."

प्रणालीनं माझ्याकडं बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग बॉल उचलायला गेली. दिनेशनं मात्र मोठा श्वास सोडला, फोन खिशात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बरं झालं इचारलं. मधनंमधनं मला वाटायचं, हणमा चुकला असंल. लय वंगाळ यायचं तुझ्याबद्दल मनात. आज मिटलं बघ.

निघताना त्यानं घरातून नव्या इंद्रायणी तांदळाची दहा किलोची पिशवी आणून माझ्या गाडीला बांधली. मी नको म्हणालो नाही. घरी पोचलो, बायकोनं त्यातलाच दुपारी भात लावला. वास घरभर सुटला. कुणी दिला म्हणाली, दिनेशनं म्हणालो. कशाबद्दल म्हणाली, मी ताट पुढं ओढलं. भात चांगला मऊ झाला होता. मी दोनदा वाढून घेतला.